पंच्याऐंशी डॉलरची मोहीम

४ फेब्रुवारी २००६, शनिवार. डब्लिन, ओहायो.
कॅशबॅक कार्डाचं स्टेटमेंट आलं. 'ॲन्युअल फी: ८५ डॉलर.' डोळे चोळून पुन्हा वाचलं, तेवढीच होती. वर्षभरात जमलेला कॅशबॅक: ७१. म्हणजे बँकेने मला पैसे परत द्यायचे म्हणून मीच बँकेला चौदा डॉलर जास्त दिले.
आणि हे माझ्या बाबतीत! ऑफिसातली निम्मी जनता मला विचारून कार्ड घेते.
नीलांबरीने विचारलं, कसलं पत्र आहे? म्हटलं, जाहिरात. बायकोला उगाच टेन्शन कशाला. सोमवारी बँकेला फोन करणार. आवाज चढवायचा नाही, पण सोडायचं नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसच्या छोट्या मीटिंग रूममधून फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकलं. मग क्रिस्टल नावाची मुलगी आली. "मिस्टर पर्ल-हॅड," म्हणजे मी, प्रल्हाद, "तुमचा दिवस मी कसा चांगला करू?" म्हटलं, फी काढ. ती म्हणाली, पहिलं वर्ष फुकट होतं, दुसऱ्या वर्षापासून फी, असं लिहिलेलं आहे. मी म्हटलं, कुठेही लिहिलेलं नाही. तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, फार बारीक अक्षरात आहे. ती म्हणाली, हो.
पण मी हटलो नाही. शेवटी बँक झुकली. ३१ मार्चपर्यंत कार्डावर तीन हजारांचा खर्च केला तर फी परत! क्रिस्टल म्हणाली, "ऑसम."
लंचला ऑफिसातल्या शंतनूला सगळं सांगितलं. घासाघीस ही कला आहे, ती अंगातच असावी लागते. शंतनू म्हणाला, "यार, पंच्याऐंशीसाठी तीन हजार?" पुण्याच्या माणसाला ही कला नाही समजायची.

७ फेब्रुवारी
हिशोब केला. ग्रोसरी, गाडीचा गॅस, फोन, सगळं धरून आमचा दोन महिन्यांचा कार्डावरचा खर्च अकराशे. भाडं चेकने जातं. बाकीच्यासाठी वस्तू विकत घेणं हा मूर्खांचा मार्ग.
माझा मार्ग असा: खर्च लोकांचा, कार्ड माझं. त्यांनी मला तिथल्या तिथे कॅश द्यायची. कोणाचंच नुकसान नाही. हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही?

११ फेब्रुवारी, शनिवार, रात्री
चार कुटुंबं जेवायला गेलो. बिल येताच झडप घातली. शंतनूचाही हात आला होता, तो मी पिरगाळला. सही केली आणि कॅशची वाट बघत बसलो.
शंतनू म्हणाला, "अरे काय हे, पुढच्या वेळी आमचा टर्न हं." त्याची बायको रेणू म्हणाली, "उगाच केलंत तुम्ही, प्रल्हाद." बाकीचे थँक यू म्हणाले आणि सगळे कोट घालायला लागले. "नाही, म्हणजे माझं म्हणणं असं की..." एवढं मी बोललो. पुढचं वाक्य तयार केलेलं नव्हतं.
आपल्या लोकांत बिलासाठी भांडायचं असतं, ते जिंकायचं नसतं, हे ध्यानात आलं नाही. १६० डॉलर. तरी तीन हजारांत धरले जाणारच. मोहीम चालू.

१८ फेब्रुवारी
धडा शिकलो. आता पैशाचं आधीच बोलायचं. राजारामकाकांना स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवायचं मशीन, घ्यायचं होतं. काका रिटायर्ड इंजिनियर, तीस वर्षं इथेच, इथल्या मराठी मंडळाचे खजिनदार. त्यांच्यासोबत दुकानात गेलो, पैसे कार्डाने भरले. काकांनी चारशे डॉलर पार्किंगमध्येच मोजून हातावर ठेवले. पद्धत सिद्ध झाली! येताना त्याच पैशातून नीलांबरीला पर्स घेतली. ती म्हणाली, "आज काय आहे?" म्हटलं, काही नाही, असंच.

२६ फेब्रुवारी
आठवडाभर ऊन. काकांना वाटलं हिवाळा संपला, मशीन परत करून आले. पैसे माझ्या कार्डावर परत, तीन हजारांतून चारशे वजा. "माझी कॅश दे रे," काका म्हणाले. एटीएममधून काढून दिली.

३ मार्च
बर्फ पडला. काकांनी दुसऱ्या दुकानातून मशीन आणलं. स्वतःच्या कार्डावर. त्यांना वार्षिक फी नाही म्हणे. मी विचारलं नव्हतं.

५ मार्च, रविवार
मोठी संधी! २५ तारखेला मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. शाळेचं ऑडिटोरियम आणि केटरर मिळून चौदाशे. मंडळाच्या अध्यक्षा शैलाकाकू म्हणाल्या, तिकिटांचे पैसे यायचेत, तोवर भरायचं कसं? मी उभा राहिलो. म्हटलं, मी भरतो. पैसे मागून द्या, सावकाश. शैलाकाकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.
'मागून द्या' स्पष्ट म्हटलं होतं. या वेळी वाक्य तयार होतं.

२५ मार्च, शनिवार, रात्री
कार्यक्रम छान झाला. श्रीखंड थोडं आंबट. मध्यंतरात शैलाकाकू माइकवर आल्या. म्हणाल्या, आजचा सगळा खर्च एका माणसाने उचलला आहे, 'पैसे मागून द्या' हे तो नुसतं संकोचाने म्हणाला, आणि नाव सांगू नका असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलंय, पण मी सांगणार. आपले मुख्य प्रायोजक, प्रल्हाद देवपुजारी!
मी स्टेजवर कसा गेलो ते आठवत नाही. शाल मिळाली, नारळ मिळाला. एकशे ऐंशी माणसं टाळ्या वाजवत होती. मी माइक घेतला. म्हणणार होतो की थोडा गैरसमज झालाय. तोंडातून निघालं, "हे माझं कर्तव्यच होतं."
खाली आलो तर नीलांबरीच्या डोळ्यांत पाणी. गाडीत नुसती माझ्याकडे बघत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण असं बघितलं नव्हतं तिने कधी. चौदाशे डॉलरमध्ये बायकोचा आदर मिळत असेल तर तो महाग नाही.

२६ मार्च
थोडा महाग आहे. काकांना फोन केला, सहज. ते म्हणाले, "अरे, तुझ्यासारखी चार माणसं असती ना, तर मंडळाचं स्वतःचं सभागृह असतं!" मी म्हटलं, हो काका. फोन ठेवला.

२९ मार्च
तीन हजाराला अजून साडेतीनशे कमी. पोस्टात जाऊन तेवढ्याची तिकिटं घेतली. तिकीट नासत नाही. नीलांबरीने गठ्ठा बघून विचारलं, "कोणाला पत्रं लिहिणार आहेस?" म्हटलं, बघू. ती पुन्हा तसंच बघायला लागली.

३१ मार्च, शुक्रवार
बँकेला फोन. आज डेबी होती. सांगितलं, तीन हजार दहा डॉलर झाले, फी परत करा. ती म्हणाली, अभिनंदन, पण पोस्टातला खर्च अजून पेंडिंग दिसतोय, सोमवारी पोस्ट होईल. म्हटलं, पोस्टातच आहे. ती म्हणाली, तसं पोस्ट नाही, खात्यात नोंद होणं. मुदत आज संपते.
आता स्वाभिमानाचा प्रश्न होता. कार्ड ताबडतोब बंद करा म्हटलं. तिने केलं, एका मिनिटात. मग म्हणाली, शिल्लक कॅशबॅक कार्डासोबत रद्द होतो, तुम्ही कधी मागवला नव्हता ना? सगळा मिळून १२२ डॉलर. हेही लिहिलेलं होतं म्हणे.
माणसाने पैशापेक्षा तत्त्वाला जपावं.

१ एप्रिल, शनिवार
सकाळी चहा घेताना नीलांबरीला सगळं सांगून टाकलं. फी, क्रिस्टल, चौदाशे. शेवटी म्हटलं, तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला, त्या दिवशी किती अभिमान होता तुझ्या डोळ्यांत.
तिने कप खाली ठेवला. "अभिमान? प्रल्हाद, आपण यंदा नागपूरला जायची तिकिटं काढणार होतो. त्याचे पैसे होते ते. मला वाटलं, तू मला न विचारता दान करून टाकलेस. एवढ्या लोकांत ओरडता येईना, म्हणून रडू आलं."
मी विचारलं, मग आठवडाभर तसं बघत का होतीस? म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघत होते."
थोड्या वेळाने हसायला लागली. बराच वेळ हसली. पर्स परत करू का विचारलं, तर नाही म्हणाली.

२ एप्रिल
नीलांबरीने शैलाकाकूंना स्पीकरवर फोन केला. मी बाथरूममधून ऐकत होतो. "काकू, ते पैसे परत हवे होते हो." एवढंच. काकू म्हणाल्या, "अगं बाई, मग सांगायचं ना त्याने!" संध्याकाळी काका स्वतः चौदाशेचा चेक घेऊन आले, पोहे खाऊन गेले. मीही अगदी हेच वाक्य बोलणार होतो, फक्त योग्य वेळ बघत होतो.
शाल परत मागितली नाही. एकूण मोहीम यशस्वी म्हणायला हरकत नाही.

५ एप्रिल, बुधवार
मंडळाची ईमेल आली, सर्व सभासदांना. विषय: दुरुस्ती. 'पाडव्याच्या कार्यक्रमात श्री. प्रल्हाद देवपुजारी यांचा मुख्य प्रायोजक म्हणून सत्कार झाला. प्रत्यक्षात त्यांनी फक्त क्रेडिट कार्ड वापरले होते. रक्कम त्यांना पूर्ण परत करण्यात आली आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'
'फक्त' हा शब्द ठळक अक्षरात आहे. फॉन्टचा काहीतरी प्रॉब्लेम असावा.