सोबतीला आलेला सुभेदार

लातूर, नवी वसाहत
(नळ आले आहेत, पाणी यायचं आहे)

आदरणीय साहेबरावदादास,

धाकट्या सिंधुचा सप्रेम जयभीम. मायचे गुडघे, वहिनींची अर्धशिशी आणि तुझी रेल्वेतली रात्रपाळी, तिन्हींची खुशाली उलट टपाली कळवावी. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. (पत्रात थोरल्या भावाला 'तुम्ही' म्हणावं हे मला कळतं. पण 'तुम्ही' म्हटलं की नीट भांडता येत नाही, आणि हे पत्र भांडणाचं आहे. तेव्हा इथून पुढं 'तू'.)

तर दादा, मी तुला काय लिहिलं होतं ते जरा आठव. जिल्हा नवा झाला, कचेरी नवी झाली, आणि यांना नेमकं टंचाईचं टेबल मिळालं. पाऊस दडी मारून बसलाय तोवर हे काही घरी बसायचे नाहीत. आज छावणी, उद्या खडी फोडायचं काम, परवा आणखी कुठली विहीर. घर गावाच्या पार टोकाला, पदरात एक अडीच वर्षांची आणि एक रांगणारा, दिवेलागण झाली की जीव कासावीस होतो, तेव्हा कुणाला तरी सोबतीला पाठव, असं मी लिहिलं होतं. 'कुणाला तरी' म्हणजे कुणाला, हे तुझ्याशिवाय कुणालाही कळलं असतं. तुझं कार्ड आलं की व्यवस्था केली आहे, गुरुवारी कडब्याच्या ट्रकनं पोचेल, नीट उतरवून घेणे. मला वाटलं माय येतेय. कडब्यावर बसून का होईना, पण येतेय. मी कॉट रिकामी केली, गौतमीला 'आजी' म्हणायला शिकवलं, मायला सोसत नाही म्हणून वरणात मिरची कमी टाकली, आणि टँकरच्या पाण्यातली एक बादली तिचे पाय धुवायला बाजूला काढून ठेवली. (इथं एक बादली बाजूला काढणं म्हणजे काय, ते तुला मुदखेडला बसून समजायचं नाही. त्या दिवशी धम्मपालची दुपटी तशीच वाळवली.) ट्रक आला. ड्रायव्हरनं मागची फळी पाडली, कडबा हलला, आणि त्यातून जे खाली उतरलं त्याला चार पाय होते. ड्रायव्हरनं दोराचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या भावानं सोबत धाडली हाय. नाव सुभेदार. खायाला लई लागत न्हाई म्हणले." मग त्यानं (कुत्र्यानं, ड्रायव्हरनं नव्हे) मायचे पाय धुवायची बादली तळापर्यंत पिऊन टाकली आणि वर बादली चाटून स्वच्छ करून दिली. गौतमीनं त्याच्याकडं बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी."

तो केवढा आहे हे तुला माहीत आहे, कारण आठ-दहा दिवस तो तुझ्या अंगणात होता आणि मायच्या हातची भाकरी खात होता. बिलोलीकडच्या माणिकप्पा धनगरानं दुष्काळापायी मेंढरं विकली, कुत्रा काही विकला गेला नाही, तो तुझ्या गळ्यात पडला आणि तू माझ्या गळ्यात बांधलास, इतकं मला तुझ्या पुढच्या कार्डावरून समजलं. पण अंगणात पाहणं वेगळं आणि दोन खोल्यांत पाहणं वेगळं. तो वळला की आमची मांडणी हलते. धम्मपाल त्याच्या पोटाखालून, मांडवातून जावं तसा, आरामात रांगत जातो. पहिल्या दिवशी मी दोन्ही लेकरांना स्वयंपाकघरात कोंडून दारात लाटणं घेऊन उभी राहिले. तो माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं बघत होते. संध्याकाळी माझे पाय दुखायला लागले म्हणून मी बसले. तो बसला नाही. ड्रायव्हर जाता जाता माणिकप्पाचा एक निरोप सांगून गेला होता, "कळप पुरा झाल्याबिगर ह्यो बुड टेकवत न्हाई." मी तेव्हा लक्ष दिलं नाही. बादलीच्या दुःखात होते.

दुसरी गोष्ट म्हणजे या गृहस्थाला मराठी येत नाही. माणिकप्पा त्याच्याशी तेलगूत बोलायचा. लहानपणी बिलोलीच्या बाजारात ऐकलेले दोन शब्द मला येतात, 'रा' म्हणजे ये आणि 'पो' म्हणजे जा, एवढ्यावर आमचा संसार चालतो. दिवसभर मी या घरात तेच दोन शब्द बोलते. खरं सांगायचं तर तो येण्याआधी तेवढेही बोलत नव्हते. लेकरांशी बोलते ते बोलणं नव्हे, ते नुसतं हो-नको असतं.

चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्याच्या हिशेबी ही माझी लेकरं नाहीत, कोकरं आहेत. तो जन्मल्यापासून मेंढरांत वाढलेला, त्यांच्यातच झोपलेला. धम्मपाल रांगत उंबऱ्यापाशी गेला की हा नाकानं ढोसून त्याला माघारी लोटतो. तो पुन्हा जातो, हा पुन्हा लोटतो. दोघांनाही दुसरा उद्योग नाही. गौतमी रुसून फाटकाकडं निघाली की फ्रॉकचा घेर दातात धरून तिला उलटी चालवत आणतो. एकदा टँकर आला म्हणून मी घागर घेऊन पळाले. रांगेत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. परत येऊन बघते तर दोघांना कोपऱ्यात लावून हा आडवा उभा, आणि तिघं मिळून त्याची भाकरी खात होते. वाटणी बरोबर झाली नसावी, कारण गौतमी चिडलेली होती. त्या दिवशी मी लाटणं जागच्या जागी ठेवून दिलं.

मग हे दौऱ्यावरून आले. जीपमधून उतरले, अंगावर धूळ, काखेत फायली, आणि फाटकात सुभेदार. यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही, त्यानं यांना कधी पाहिलेलं नाही. हे म्हणाले, "अगं सिंधु, हे काय हाय?" मी म्हटलं, "सोबत." यांनी फाटकाला हात लावला, त्यानं घशातून असा काही आवाज काढला की जीपचा ड्रायव्हर पुन्हा जीपमध्ये जाऊन बसला. हे त्याला समजावून सांगू लागले, "अरे बाबा, मी इथलाच हाय." (मराठीत. आणि पुरावा काहीच नाही.) साऱ्या वसाहतीच्या खिडक्या उघडल्या. मी लगेच दोर धरला नाही, दादा. म्हटलं, मी रोज आत असते, यांना थोडा वेळ बाहेर उभं राहू दे. तेवढ्यात धम्मपाल माझ्या कडेवरून वाकला, बापाकडं नीट बघितलं आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलला, "पो." हे तेव्हा हसले. मग मी दोर धरला आणि हे आत आले. दोन रात्री राहिले आणि पुन्हा छावणीला गेले. त्या दोन्ही रात्री सुभेदार फाटकापाशीच उभा होता, म्हणजे त्याच्या हिशेबात हे आले तरी कळप पुरा झाला नव्हता.

आता वसाहतीचं सांगते. इथं कुणी उस्मानाबादहून आलंय, कुणी बीडहून. सगळ्यांची दारं बंद. शेजारच्या केवळाबाई, यांच्या कचेरीतल्या मोठ्या बाबूंच्या मंडळी, आम्ही राहायला आलो तेव्हा एकदा आल्या होत्या. आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या "बरं बरं" म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या आणि गेल्या. त्या 'बरं बरं'नंतर हिवाळा सरला, उन्हाळा आला, पण केवळाबाई काही आल्या नाहीत. (एवढ्या टंचाईत पाणी नको म्हणणारी माणसं दोन प्रकारची असतात. त्या कुठल्या प्रकारच्या हे मला कळलं होतं.)

पण सुभेदाराला आडनाव समजत नाही. दोन कोकरांवर त्याचं भागेना. तिन्हीसांजेला तो फाटकावरून उडी मारून जायचा आणि मैदानात खेळणारं, कडेला रांगणारं, जे काही गुडघ्याएवढं दिसेल ते ढोसत ढोसत आमच्या अंगणात आणायचा. ओरखडा नाही, चावा नाही, पण सुटका पण नाही. पहिल्या दिवशी केवळाबाई पदर खोचून भांडायला आल्या. त्यांचा मुलगा आमच्या पडवीत बाकीच्यांबरोबर बसून शेंगा खात होता. "असलं जनावर कुणी लेकरांच्या घरात ठेवतं का हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, भावानं पाठवलंय, त्याला विचारा. (पत्ता दिलाय. पत्र आलं तर घाबरू नकोस.) दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. भांडायला दम लागतो आणि ऊन तर असं की संध्याकाळीसुद्धा जमीन पोळते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या पायरीवर बसल्या आणि स्वतःहून म्हणाल्या, "घोटभर पाणी द्या बाई." मी दिलं. त्या प्याल्या. मी आत जाऊन उगीचच डब्यांची झाकणं लावत बसले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि भांडणात ते बरं दिसत नाही.

तू म्हणशील, मग झालं की. नाही झालं. सगळ्या जणी येतात, आपापलं लेकरू उचलतात आणि जातात. अंगण रिकामं होतं. मग तो फेरी मारतो, धम्मपालला हुंगतो, गौतमीला हुंगतो, मला हुंगतो, आणि फाटकापाशी जाऊन ट्रक ज्या रस्त्यानं आला त्या रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो.

मायचं तू लिहिलंस तेही वाचलं. तिला विचारलं होतंस, पण ती म्हणाली, लेकीच्या घरी मुक्कामाला कसं जावं, लोक काय म्हणतील. दादा, छप्पन साली आपल्या घरानं देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले, आणि लेकीच्या घरी राहू नये एवढी एक गोष्ट मात्र जपून ठेवली. कुत्र्याच्या अंथरुणाला मायचं जुनं हिरवं लुगडं बांधून दिलं होतंस ना, ते मी पहिल्या दिवशी त्याला दिलंच नाही. लेकरं झोपल्यावर दार लावलं आणि ते तोंडावर घेतलं. हसू नकोस. त्याला चुलीचा आणि तिच्या तंबाखूच्या मिशरीचा वास होता. दुसऱ्या दिवशी त्याला दिलं, कारण तो रडत होता आणि निदान मला दुसरी पांघरुणं तरी आहेत. आता त्या लुगड्याला नुसता कुत्र्याचा वास येतो. मी रोज बघते.

तेव्हा शेवटचं आणि स्पष्ट लिहिते. दोन खोल्यांत दोन लहान लेकरं आणि हे एवढं जनावर, माझ्यानं होणार नाही. कडब्याचा पुढचा ट्रक येईल तेव्हा ड्रायव्हरला सांगून त्याला परत नेण्याची व्यवस्था करावी. वहिनींना जयभीम, मुलांना पापा.

तुझी धाकटी,
सिंधु

ता. क. : ट्रक पाठवू नकोस. हे पत्र लिहिताना तो माझ्या पायाशी उभा होता. 'परत' हा शब्द मी मोठ्यानं वाचला आणि त्यानं कान पाडले. त्याला मराठी येत नाही असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं.

दुसरा ता. क. : केवळाबाईंनी आज सुभेदारासाठी शिळी भाकरी पाठवली. ताटली मात्र लगेच परत मागितली नाही, उद्या स्वतः न्यायला येते म्हणाल्या.

तिसरा ता. क. : मी तुझ्याशी भांडले, पण सांगायचं होतं ते एवढंच. मायला लेकीच्या घरी राहता येत नसेल तर तिला सांग, लेकीकडं येऊ नकोस, कुत्र्याकडं ये. त्यानं तुझ्या हातची भाकरी खाल्लीय, तू आल्याशिवाय त्याचा कळप पुरा होत नाही, बिचारा अजून बुड टेकवून बसलेला नाही, आणि लोकांनी विचारलं तर सांग, कुत्र्याला बघायला आले. वरणात मिरची कमीच टाकते. पाय धुवायची बादली या खेपेला फळीवर ठेवीन.