सगळ्यात वर कोणाचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. चेरीताल.

वानखेडेकाका आज चिडलेच. "बेटा, दर वेळी मलाच फोन काहून येऊन राहिले? मागच्याच महिन्यात तर रक्त देऊन आलो!"

 आमच्या मंडळाच्या रक्तदात्यांची यादी मोबाईलवर शोधायची सोय मीच केलेली. रक्तगट बी पॉझिटिव्ह, वस्ती चेरीताल टाकली की नऊ नावं येतात, दोन्ही जुळल्याचे नऊही जणांना सारखेच गुण. मग वर कोण? ते मी ठरवलंच नव्हतं, म्हणून ज्याचं नाव आधी भरलं तो वर. पहिलं नाव काकांचं. घाबरलेला माणूस पहिल्यालाच फोन लावणार, खाली कोण पाहते?

घरी येऊन बदललं. गुण सारखे असले, तर ज्याला रक्त देऊन जास्त दिवस झाले तो वर. ज्यानं कधीच दिलं नाही, तो सगळ्यांच्या वर. बरोबर आहे ना? चलो, शोधून पाहिलं.

सगळ्यात वर माझं नाव.

दोन वर्षं नवव्या नंबरवर निवांत बसलो होतो. सुईची भीती, दुसरं काय. जुनाच क्रम परत लावावा, असंही वाटून गेलं. मग काकांचा आवाज आठवला.

नवाच ठेवला. फोन सायलेंटवर होता, आवाज चालू केला.