अस्वल, फ्रिज आणि पहाटेचे पाच

४ सप्टेंबर
माझे कान अजून शाबूत आहेत. गाडी फाटकातून आत येईपर्यंत कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. एका पान्यावर सुरू केलेलं गॅरेज या कानांवरच उभं राहिलं. तर आज लेक दार लावून तिच्या आत्याशी फोनवर बोलत होती. नोकरी चांगली आहे गं, पण परगावी. बाबांना एकटं कसं सोडू? पहाटे पाचला ते आईशी बोलतात.
साफ खोटं. मी फ्रिजशी बोलतो. पाचला फ्रिज थरथरतो, वर ठेवलेलं पातेलं वाजतं. हिची आई चहाला पातेलं ठेवायची तीही पाचलाच, हा योगायोग. तिला जाऊन अकरा महिने झाले. मी खडखडीत बरा आहे.
नोकरीचं उत्तर पंधरा तारखेपर्यंत द्यायचंय. त्याआधी पोरीला पटवायचं.

५ सप्टेंबर
ठरलं. डोंगरात कॅम्पिंग. लेक म्हणाली, तुम्ही? तंबूत? मी म्हटलं, दिवसाला चार गाड्यांखाली झोपतो, तंबूचं काय घेऊन बसलीस!
तीन जागा आहेत. खालची रस्त्यालगत, ट्रकची वर्दळ. मधली लेकीला पसंत: नळ, दिवे, गस्त, शेजारपाजार. वरची तळ्याकाठी, तिथे काहीच नाही. वरची घेतली. फ्रिज नाही तिथे आवाज नाही, आवाज नाही तिथे प्रश्न नाही.
माहितीपत्रकात लिहिलंय, अस्वलांचा वावर. असू दे. अस्वलाला काय सायलेन्सर बसवलेला असतो?

८ सप्टेंबर, सकाळ
फ्रिज बंद केला. पातेलं सोबत घेतलं. दोन्ही संशयित ताब्यात.

८ सप्टेंबर, दुपार
वनरक्षक कोवळा, पण बोलतो हेडमास्तरासारखा. खाणं, साबण, टूथपेस्ट, क्रीम, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं शंभर पावलांवरच्या लोखंडी पेटीत. तंबूत चॉकलेटचा कागदसुद्धा नको. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरायचं. पेटीची कडी मात्र झकास आहे, पंजा आत जात नाही. कुणी केली विचारायला हवं.
सगळं पेटीत टाकलं. फक्त हिच्या आईची क्रीमची डबी बॅगेच्या खिशात राहू दिली. हाताला लावायची ती. तळाशी नखाएवढं उरलंय, वास तर कधीच उडालाय. मी रोज हुंगून खात्री करतो.

९ सप्टेंबर
५:००. काही नाही.
५:१०. काही नाही.
५:४५. काही नाही. जिंकलो!
लेकीला सांगितलं, घोडे विकून झोपलो होतो. ती म्हणाली, मग डोळे का सुजलेत? डोंगराची हवा, दुसरं काय.
संध्याकाळी पातेलं घासून बाहेर दगडावर उपडं घातलं. बॅग तंबूच्या दारात.

१० सप्टेंबर, सकाळी ७
दोन स्वेटर घातलेत. थंडी आहे.
पाचला पातेलं वाजलं. मी अर्धवट झोपेत. सवयीनं म्हणालो, उठलीस? साखर कमी टाक. पोरीला नोकरी लागलीय, परगावी. माझ्यापायी अडून बसलीय. तूच समजाव तिला, माझं ऐकत नाही.
कापडापलीकडे श्वास ऐकू आला. जड, धापा टाकल्यासारखा. मी म्हटलं, दमलीस का गं?
मग बॅग टरकन फाटली आणि लेकीनं माझा दंड धरला. तिची नखं अजून उमटलेली आहेत.
अस्वल होतं. डबी घेऊन गेलं. दुसरं काही नाही, फक्त डबी.
म्हणजे वास होता.

१० सप्टेंबर, संध्याकाळ
वनरक्षकानं डबीवरून मला पोरासोरासारखं झापलं. मग विचारलं, तुम्ही काय केलंत? लेक म्हणाली, बाबा शांतपणे बोलत राहिले. त्याचा चेहराच बदलला. शाब्बास काका, हेच करायचं असतं, मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देईन! मी मान डोलावली. लेक बुटांकडे बघत होती.
डबी तळ्याकाठी सापडली. चाटून लख्ख. दातांची चार भोकं.
परतताना घाटात लेक म्हणाली, बाबा, पातेलं मलाही ऐकू येतं. रोज पाचला. मी डोक्यावर उशी घेते. लांबची नोकरी त्यासाठीच शोधली. पण तुम्हाला त्या आवाजापाशी एकटं टाकून कशी जाऊ?
मी म्हटलं, वेडाबाई, तो फ्रिज आहे. उद्याच उचलून गॅरेजला नेतो, बघ कसा गप्प होतो. तू हो कळवून टाक.
ती खिडकीकडे वळली. रडत असेल तर इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, असं धरून चाललो.

११ सप्टेंबर
फ्रिज गॅरेजमध्ये. तासभर कान लावला. थरथर नाही, खडखड नाही. अगदी निर्दोष. कुणाला बोललो नाही. लेकीनं होकार कळवला.

१८ सप्टेंबर
लेकीला गाडीत बसवून दिलं. रिकाम्या घरात गाढ झोप लागेल.

२० सप्टेंबर, पहाटे ५:२०
पाचला ओट्यावरचं पातेलं वाजलं. फ्रिज असणार.
पाच वाजून दहाला लेकीचा फोन. एवढ्या लवकर? म्हणाली, सहज जाग आली. मी सांगितलं, फ्रिज दुरुस्त झाला, आता घर एकदम शांत. ती म्हणाली, बरं झालं, मलाही इथे काही ऐकू येत नाही.
मग तिनं फोन ठेवला.
खोटं बोलताना तिचा आवाज किंचित चढतो. माझे कान शाबूत आहेत. तिचे माझ्यावरच गेलेत.
फ्रिज आणखी महिनाभर गॅरेजमध्येच राहू दे. दूध रोज ताजं आणीन.