मालक : नाना

जळगाव, शुक्रवार, १० जुलै १९९८

शिसारी आली आज. केळीच्या करपा रोगावरचा प्रबंध माझा, एकेका बोटाने वर्षभर टाइप केला तोही मीच, आणि कॉम्प्युटर मलाच म्हणतो, ही फाइल उघडायची तुम्हाला परवानगी नाही!

काल कॉम्प्युटरवाल्याने घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं केलं. जुन्या फाइली मात्र माझ्या सासऱ्यांच्या, नानांच्या नावावर राहिल्या. का? तर मशीन आलं तेव्हा त्याने विचारलं होतं, मालकाचं नाव काय टाकू? ह्यांनी सवयीने नानांचं सांगितलं. सातबारा नानांचा, विजेचं मीटर नानांचं, मग कॉम्प्युटर तरी कसा सुटेल? नानांनी त्याला अजून हातही लावलेला नाही.

"नानांना विचारून ये," हे म्हणाले. मी गेले. माझ्याच प्रबंधासाठी, डोक्यावर पदर घेऊन! नाना बघतच राहिले. "तुनं शे ना ते? मंग माले काय इचारस?" माझंच आहे, तर त्यांना का विचारायचं, हे नानांनाही कळेना.

मी परत आले, तर ह्यांनी नानांचा पासवर्ड टाकलासुद्धा. माहीत होता! मग विचारून ये कशाला? छी!

फाइल उघडली. पहिल्या पानावर माझंच नाव आहे ना, ते आधी पाहिलं.