केस पेपरवरचं नाव

३ जानेवारी १९९४, सोमवार

पुन्हा दुखलं. बेंबीच्या चार बोटं वर, तीच जागा. धागा तुटला म्हणून मशीनवर वाकलो, तो तसाच वाकलेला राहिलो. शेजारच्या मशीनवर चिंधा असतो, आमच्या शिरपूरकडचाच. तो म्हणतो, "पित्त आहे, सोडा पी." तीन महिने सोडाच पितोय! खाल्लं की थांबतं, दोन तासांनी परत सुरू. कंपनीच्या भोंग्यासारखं वेळेवर.

कंपनीनं नवी डायरी दिली. दर वर्षी कोरीच जाते. यंदा दुखणं लिहून ठेवतो, डॉक्टरला सांगायला बरं पडेल.

८ जानेवारी, शनिवार

कंपनीत वर्षाची तपासणी झाली. जीभ काढ, डोळा दाखव, चल पुढे. पोटाचं सांगणार होतो, पण मागे लाइन आणि समोर सुपरवायझर. दुखणाऱ्या माणसाला कोण ठेवतं? कार्डावर लिहिलं — सुकदेव दामू पाटील, वय सत्तावीस, फिट.

सुकदेव फिट असणारच. तो गावी शेतात आहे, दोन माणसांचं जेवतो. माझा धाकटा भाऊ तो. मी झिपरू. वय तेहतीस, दहावीला गणितात दोनदा नापास. इथं दहावी पास पाहिजे होता, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्याचा दाखला घेऊन आलो. त्यानंच काढून दिला. "दादा, मला कुठं नोकरीला जायचंय?" म्हणाला. तेव्हापासून सिलवासात मी सुकदेव. चिंधा सोडला तर कोणाला माहीत नाही.

कावेरीला याचा त्रास कधी झालाच नाही. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. पहिल्यापासून 'अहो', पुढे 'श्रुतीचे पप्पा'. चूक होणार कुठून?

हे सगळं आज पहिल्यांदा लिहिलं. डायरी पेटीत, कपड्यांच्या खाली ठेवायची.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. तीळगूळ खाल्ला, उलटी झाली. काळी. मोरीत पाणी ओतायच्या आत कावेरीनं पाहिली.

१५ जानेवारी, शनिवार

दिवसभर एकच. "पोट दुखस का?" मी नाही म्हणतो. ती परत विचारते. भाजीत मिरची बंद केली आहे. दुधी खाऊन माणूस बरा होत असेल, खूश होत नाही. चिडून ताट सरकवलं. श्रुती घाबरली. वाईट वाटलं मला, पण सॉरी म्हणायला जमलं नाही.

१७ जानेवारी, सोमवार

सरकारी दवाखान्यात गेलो. मी बाकड्यावर पोट धरून बसलो, कावेरी खिडकीवर. तिच्या पुढच्या बाईला नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिनं पोराला पुढे केलं — "सांग रे बापाचं नाव." मला वाटलं, ही पण मला हाक मारेल. नाही. मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "झिपरू दामू पाटील. वय तेहतीस."

लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर नऊ वर्षांनी आज. अंगावर काटा आला, आणि लगेच घामही फुटला. कागद झाला ना त्या नावाचा!

बाहेर येऊन ओरडलो तिला. ती म्हणाली, "दुखणं तुमचं आणि नाव भाऊजींचं? औषध लागू कोणाला पडेल मग?"

खरंच वाटतं तिला तसं. खरं सांगायचं तर मलाही थोडं वाटलं.

डॉक्टर गुजराती, चांगला माणूस. "शुं थाय छे?" म्हणून पोट दाबून पाहिलं. दारू किती, विचारलं. मी घेत नाही म्हणालो. हसला. दारू एवढी स्वस्त, त्या सिलवासात राहून पीत नाही म्हटलं तर कोण ऐकतं? वजन मात्र नऊ किलो उतरलंय म्हटल्यावर हसायचा थांबला. वलसाडला जाऊन दुर्बीण घालून घ्या म्हणाला.

२५ जानेवारी, मंगळवार

वलसाड. घशात कडू फवारा मारला. मग नळी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आत काहीतरी चिमटल्यासारखं झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, "जखम आहे. कडा मला आवडल्या नाहीत. तुकडा काढलाय, मुंबईला पाठवतो. पंधरा दिवस लागतील."

विचारलं, "कॅन्सर?"

"रिपोर्ट येऊ द्या, झिपरूभाई."

कावेरीला जखम आहे एवढंच सांगितलं. घरी परत येईपर्यंत ती माझी बाही धरून बसली होती.

२७ जानेवारी, गुरुवार

काही नाही. पडून आहे.

३१ जानेवारी, सोमवार

कामावर गेलो. टाइम ऑफिसचे विश्वनाथसाहेब — रत्नागिरीकडचे, फार कडक नाहीत — म्हणाले, "सुकदेव, आठ दिवस रजा झाली. डॉक्टरचं सर्टिफिकेट दे." माझ्याकडे सगळे कागद झिपरूचे. चिंधा म्हणतो, ओळखीचा डॉक्टर आहे, पाहिजे त्या नावानं लिहून देतो. संध्याकाळी त्याच्या पायरीपर्यंत जाऊन आलो. उद्या नक्की जाईन, ठरवलं.

घरी आलो तर श्रुती वह्यांना नावं घालत बसलेली. अक्षर सुंदर आहे पोरीचं. श्रुती सुकदेव पाटील, इयत्ता दुसरी. पाचही वह्यांवर तेच.

शाळेत घालताना पुरावा म्हणून कंपनीचं पत्र जोडलं होतं, म्हणून फॉर्मवरही मीच तसं लिहिलं. तेव्हा हात अडखळला नाही. आज मात्र वाचवेना. मी जगलो तर चालून जाईल. पण मेलो तर? ही जन्मभर काकाची मुलगी. दहावीच्या दाखल्यावर काका, लग्नाच्या पत्रिकेवर काका. माझं म्हणून कुठं काय राहील?

आता त्या डॉक्टरकडे जाणार नाही.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस हाच विचार. भीती मरणाची कमी आहे. पुसून जाण्याची जास्त आहे. कावेरीला बोललो. ती म्हणाली, "मी तर तेव्हाच सांगून टाकलं. आता तुम्ही सांगा."

५ फेब्रुवारी, शनिवार

टाइम ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. विश्वनाथसाहेबांनी आधी दार लोटून घेतलं. "अरे गाढवा, मला कशाला सांगितलंस? चाललं होतं ना!" मी दुर्बिणीचे कागद पुढे ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला. मग म्हणाले, "वर कळलं तर पोलिसात देतील. राजीनामा लिही, मी सांभाळून घेतो."

सही कोणाची करू, विचारलं.

"सुकदेवची. नोकरी त्याची होती."

केली. सहा वर्षांत इतकी बसली होती ती सही, माझ्या खऱ्या सहीपेक्षा चांगली येते.

७ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत गेलो. गावाहून श्रुतीचा जन्मदाखला मागवला होता, त्यावर माझंच नाव. हेडबाई रागावल्या, पण प्रतिज्ञापत्र आणा, बदलून देऊ म्हणाल्या. श्रुतीला घरी समजावलं. तिनं विचारलं, "मग सगळ्या वह्यांवर खोडायचं?" मी म्हणालो, नवीन चिठ्ठ्या लाव. मीच डिंक लावून दिला. आज पोट दुखलं, पण लक्ष नव्हतं.

९ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. अल्सर आहे, गोळ्यांनी बरा होईल. कावेरी रडली, मीही रडलो. मग नीट वाचला. तारीख तीन फेब्रुवारीची. त्याच दिवशी हातात पडला असता, तर मी आजही सुकदेवच असतो.