जागरणाची गोळी

१२ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अण्णांच्या गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. मी ठणठणीत आहे. तुझा ढाराढूर झोपणारा भाऊ आता सलग दोन-दोन दिवस ट्रक हाकतो, हे तुला खरं वाटणार नाही. दारूगोळा आघाडीवर पोचवायचा असला की साहेब चहाबरोबर एक पांढरी गोळी हातावर ठेवतात. मग झोप नाही, भूक नाही, भीती तर नाहीच. पाकिटावर तुमच्याच कारखान्याचा छाप! माझ्या जोडीच्या मेकॅनिकला म्हटलं, ही माझ्या बहिणीने भरलीय, जरा आदराने गीळ.

अण्णांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पॅकिंगच्या खोलीत मोठ्याने वाचलं. बायका टाळ्या देऊन हसल्या. फोरमन म्हणतात, नुसती ताकदीची गोळी आहे, चहासारखीच. कामाच्या पाळ्या लांबल्यापासून आम्हालाही रोज मिळते. घरी येऊन मी घासलेली भांडी पुन्हा घासते. अण्णा म्हणतात, पोरी, बस जरा. बसवतच नाही रे.

शेजारच्या टेबलावरची बाई मात्र परवा काम करता करता मेलेल्या नवऱ्याशी बोलायला लागली. फोरमननी तिला घरी पाठवलं आणि तिच्या जागी दुसरी उभी केली. तू बेतानेच घे.

पत्राची वाट पाहायला लावू नकोस.

तुझी ताई


२१ एप्रिल

ती. ताईस, नमस्कार.

अक्षराकडे बघू नकोस. आता एका गोळीने काही होत नाही. दात करकरतात, जिभेला फोड आलेत. मागच्या आठवड्यात घाटात अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे दिसले, घरच्या कपड्यांत. मी करकचून ब्रेक दाबला. मागचा ट्रक येऊन आदळला. मेकॅनिक मागे पेट्यांवर बसला होता. तो गेला, ताई. जाईपर्यंत विचारत होता, का थांबलास.

साहेबांनी पुन्हा गाडीवर बसवलंय, पण गोळ्या पुरत नाहीत. कपड्यांच्या घडीत लपवून थोड्या पाठव. नाही म्हणू नकोस. अण्णांना काही कळू देऊ नकोस.

धाकटा


९ मे

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

गोळ्या पाठवणार नाही. शिव्या घाल, बोलणं टाक, पाठवणार नाही.

मीही सोडल्यात. अंगातला सगळा जीव कुणी काढून नेल्यासारखं झालं. अण्णांवर ओरडले, ताट भिरकावलं. त्यांनी ते वाकून उचललं, तेव्हा मला रडू फुटलं आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. रागाव हवं तर. त्यांनी ताट धुऊन जागेवर ठेवलं. मग म्हणाले, त्याला लिही, मी घरातच होतो, कुठेही गेलो नव्हतो. आणि म्हणावं, डॉक्टरांना सांग.

सांगशील ना?

तुझी ताई


३० जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी इस्पितळात ठेवून घेतलं आणि वर कळवलं. चौकशी झाली. ज्या साहेबांनी हातावर गोळी ठेवली, तेच म्हणाले की सक्ती कुणावरच नव्हती. व्यसनी म्हणून शेरा मारून मला काढून टाकलंय. मेकॅनिकच्या आईला मी पत्र लिहिलं, जे झालं ते सगळं. उत्तर नाही आलं. यायला नकोच होतं.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारच्या गाडीने येतो. अण्णांसमोर कसा उभा राहू, ते तूच सांग.

धाकटा


७ जुलै

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

ये. अण्णांनी तुझी खाट खिडकीपाशी ओढून घेतलीय, गुडघा दुखत असताना, मला हात लावू न देता.

कारखाना मी सोडला. घरीच शिवणकाम करते. एक गोष्ट मात्र आधीच कानावर घालते. लढाई थंडावतेय, तसा कारखान्याने उरलेला माल बाजारात आणलाय. आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात भलीमोठी पाटी लागलीय: थकलेल्या गृहिणींसाठी, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी. खाली हसरी बाई काढलीय.

स्टेशनवर मी येईन. आपण मागच्या गल्लीने घरी जाऊ. लांब पडतं, पण हल्ली मीही तिकडूनच जाते.

तुझीच,
ताई