आठ नंबरचा माइक

३ ऑक्टोबर
मुलीने तिच्या आईचं नाव महोत्सवात गायला देऊन टाकलं! मला न विचारता. दक्षिण आशियाई कला महोत्सव — सहा वर्षं तिथलं साउंड मी सांभाळतो. सतारवाले, कव्वाल, शास्त्रीय गाणारे, सगळ्यांचे आवाज या बोटांखालून गेले. आता तिथे माझी बायको तिच्या माहेरी शिकलेली दळणाची गाणी म्हणणार. "बाबा, चेहरा का पडला?" म्हटलं, कुठे काय.

९ ऑक्टोबर
तिची तालीम रद्द झाली. बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

११ ऑक्टोबर
दुपारी तिचा नंबर आला. मिक्सरवर कोणता माइक कोणाचा ते मी चिकटपट्टीवर लिहितो. आठवर लिहिलं — "घरची". मुलगी हसली.

ती मोकळ्या गळ्याने गाते. जात्याची घरघर चालू असताना ऐकू जावं असा तो आवाज. माइकमध्ये फाटू लागला. थोडा खाली केला — ते माझं कामच. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग माझं बोट थांबलं नाही. खाली, अजून खाली, पार शून्यावर.

ती गातच होती. मागच्यांना नुसते ओठ दिसत होते. शेवटी निवेदकाने टाळ्या वाजवायला लावून तिला उतरवलं.

मी काय म्हणालो? "वायर गेली."

१२ ऑक्टोबर
सकाळी देवापुढे बसलो. स्तोत्राच्या दुसऱ्या ओळीलाच अडलो, उठलो.

ती म्हणते, "जाऊ द्या हो. तुमच्या हातात काय होतं?"

१३ ऑक्टोबर
वायरी टाकणाऱ्या मिस्त्रीला आयोजकबाईंनी चारचौघांत झापलं. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू म्हणाल्या. तो माझ्याकडे आला — "दादा, वायर तर मी दोनदा तपासली होती. तुम्ही पण बघितलीत ना?" मी मान खाली घालून केबल गुंडाळत बसलो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पोराबाळांचा माणूस. थू माझ्या जिण्यावर!

१४ ऑक्टोबर
सकाळी बाईंना फोन करून खरं सांगितलं. मिस्त्रीलाही. तो एवढंच म्हणाला, "वहिनींना सांगितलंत का?"

ती भाजी चिरत होती. सगळं सांगितलं. सुरी थांबलीसुद्धा नाही.

"ठाऊक आहे," म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी केर काढताना गात होते, तर तुम्ही उठून खिडकी लावून घेतलीत. शेजारी ऐकतील म्हणून. त्यानंतर या घरात मी गायलेय कधी?"

पंचवीस वर्षं झाली. मला ती खिडकी आठवत नाही. सकाळपासून आठवतोय — नाहीच आठवत.